थांबा क्रमांक सात: बहीण

एखादं शहर समजून घ्यायला माणसाला किती वेळ लागतो, या प्रश्नावर विद्वानांनी आजवर उगाच डोकेफोड केली. प्रवासी जहाजांनी त्याचा निकाल कधीच लावून टाकला आहे. सहा तास दहा मिनिटं. त्याहून कमी वेळात शहर नीट दिसत नाही आणि त्याहून जास्त वेळ राहिलं तर शहरातली माणसं दिसायला लागतात, ज्याची तिकिटात सोय नसते.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता जे जहाज त्या उकाड्याच्या बंदराला लागलं, त्यावर अडीच हजार प्रवासी होते आणि त्यांत एका ज्येष्ठ नागरिक संघाचे बावीस सभासद होते. बाकीच्यांबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही. ते गपगुमान जहाजाच्या बसमध्ये बसले, जहाजाच्या वाटाड्याच्या पिवळ्या छत्रीमागून चालले आणि छत्री छान आहे असं म्हणत परत आले. आपले बावीस मात्र स्वतंत्र बाण्याचे. त्यांनी स्वतःची मिनीबस ठरवली होती आणि स्वतःचा कार्यक्रम आखला होता, कारण त्यांच्याकडे नाना होते.

नाना म्हणजे बस खात्याच्या वेळापत्रक विभागातले निवृत्त अधिकारी. तेहतीस वर्षांत त्यांनी एकदाही बस चालवली नाही, स्वतः बसमधून प्रवास क्वचितच केला (खात्याची जीप होती), पण लाखो माणसांनी कुठे किती मिनिटं ताटकळावं हे त्यांच्या सहीशिवाय ठरत नसे. असा माणूस सहलीला मिळणं हे संघाचं भाग्यच. एरवी म्हातारी माणसं परदेशी बंदरात उतरली की इकडेतिकडे बघत बसतात. नाना असल्यामुळे तो धोका नव्हता.

नानांचा एक सिद्धांत होता, त्याचा आदरपूर्वक उल्लेख केलाच पाहिजे. बस उशिरा धावायला लागली की वेळ भरून काढावा लागतो, म्हणजे कुठल्या तरी थांब्याचा वेळ कापावा लागतो. कुठल्या? अननुभवी अधिकारी म्हणतो, सगळ्यांचा थोडा थोडा. नाना म्हणत, साफ चूक. जिथून तक्रार येत नाही, त्याचा कापायचा. कॉलेजच्या थांब्याला हात लावला तर दगड येतात, बाजाराच्या थांब्याला लावला तर नगरसेवक येतो. दवाखान्याच्या थांब्यावरून मात्र तेहतीस वर्षांत फक्त दोन तक्रारी आल्या (पैकी एक तक्रारदार पुढच्या पत्रव्यवहाराला हयात नव्हता). त्यामुळे दवाखान्याचा थांबा नानांनी 'विनंती थांबा' करून टाकला. कुणी हात केला आणि वेळ शिल्लक असला, तर बस थांबे. खात्याने त्यासाठी त्यांना शाल दिली.

तर किनाऱ्यावरच्या सहा तास दहा मिनिटांसाठी नानांनी केलेलं वेळापत्रक असं होतं:

१. दीपगृह: ४५ मिनिटं (चढणं, दमणं व उतरणं धरून)
२. जुना किल्ला: ५० मिनिटं
३. मासळी बाजार: १५ मिनिटं
४. घड्याळाचा मनोरा: १० मिनिटं (बसमधूनच)
५. रंगीत घरांची गल्ली: २० मिनिटं (फोटो माणशी दोन)
६. पोपटांची बाग: ३० मिनिटं
७. बहीण: ४० मिनिटं (विनंती थांबा)
८. खरेदी: ६० मिनिटं

सातव्या क्रमांकावरची बहीण ही नानांची सख्खी थोरली बहीण. आक्का. चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचा नवरा त्या बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न होऊन ती तिथे गेली त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि नवरा जाऊन दोन. मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा याच आक्काने शाळा सोडून नानांना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, डबे भरले, हे सगळं नाना मान्य करत. दरवर्षी वाढदिवसाला फोन करून ते मान्य करत.

नाना जहाजाने येतायत हे कळल्यावर आक्काने फोनवर सांगितलं होतं, "नाना, मला तुला एक विचारायचंय. फोनवर नको. समोर बसून विचारीन. तुमच्या वरच्या खोलीबद्दल आहे."

नाना म्हणाले होते, "हो हो, ये— म्हणजे येतो. बोलू."

काय विचारायचंय हे नानांना तिथल्या तिथे कळलं. मूर्ख नव्हते ते. आक्का राहत होती ती इमारत पाडणार होते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आक्काने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही, हेही ठाऊक होतं. त्यांच्या घराची वरची खोली चांगली होती, हवेशीर होती आणि तिला वेगळा संडास होता. मात्र ती रिकामी नव्हती. तिच्यात बस खात्याची तेहतीस वर्षांची जुनी वेळापत्रकं सुतळीने बांधून ठेवलेली होती. बंद पडलेल्या मार्गांचीसुद्धा. त्यामुळे फोन ठेवल्यावर नाना टेबलाशी गेले, फूटपट्टी काढली आणि बहिणीला सातव्या क्रमांकावर घातलं.

नानी, म्हणजे नानांच्या पत्नी, मागे उभ्या राहून बघत होत्या. "अहो, आधी तिच्याकडे जाऊ या ना. बाकीचं मग बघा."

"मार्गाच्या दृष्टीने सोयीचं नाही," नाना म्हणाले.

वेळापत्रकाची परीक्षा जहाजाच्या शिडीवरच सुरू झाली. संघातल्या एका माजी मुख्याध्यापकांचं ओळखपत्र सापडेना. खिसे झाले, पिशवी झाली, दुसऱ्यांचे खिसे झाले, आणि शेवटी ते त्यांच्याच गळ्यात सापडलं. अकरा मिनिटं उशीर. नानांनी पेन्सिल काढली आणि बहिणीपुढच्या चाळीसचे एकोणतीस केले. दीपगृहाला एकशे अठरा पायऱ्या निघाल्या. वर जाऊन सगळ्यांनी समुद्र पाहिला (हाच समुद्र ते गेले पाच दिवस चारही बाजूंनी बघत होते) आणि तो इथून वेगळा दिसतो यावर एकमत व्हायला नऊ मिनिटं जास्त गेली. बहीण, वीस.

किल्ला दुरुस्तीसाठी बंद होता. तो बाहेरून पाहून झाल्याचं धरण्यात आलं आणि तिथे एकदम पस्तीस मिनिटं वाचली.

"आता ही आक्कांना द्या," नानी म्हणाल्या.

नानांनी बायकोकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. कापताना जिथून तक्रार नाही तिथून कापायचं, तसं वाचलेलं देताना जिथून मागणी आहे तिथे द्यायचं, हा त्या सिद्धांताचाच दुसरा भाग. मागणी मागच्या चार रांगांतून एका सुरात आली. खरेदी, पंच्याण्णव मिनिटं.

मासळी बाजारात कुणालाच मासे घ्यायचे नव्हते आणि निम्म्यांना वास सोसत नव्हता, तरी तिथे पाच मिनिटं जास्त लागली, कारण कोळणीने फोटो काढू द्यायला नकार दिला आणि तो तिचा उद्धटपणा आहे हे तिला समजावून सांगणं भाग होतं. बहीण, पंधरा. पोपटांच्या बागेत एक पोपट बोलतो असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी त्याला नमस्कार केला, शिट्टी वाजवली, शेवटी दरडावलं. पोपट नुसता बघत राहिला. तो आता बोलेल, मग बोलेल, म्हणून बावीस सुशिक्षित माणसं पिंजऱ्यापुढे ठरल्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त उभी राहिली. बहीण, सहा.

बसमध्ये बसल्यावर नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी गंभीर आवाजात जाहीर केलं, की सहा मिनिटांसाठी बस आत वळवणं कामकाजाच्या दृष्टीने परवडणारं नसल्यामुळे थांबा क्रमांक सात नाइलाजाने रद्द करण्यात येत आहे. सगळ्यांनी चुकचुक केली. एक जण म्हणाले, "अरेरे, सख्खी बहीण हो." मग ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

 नानींनी पर्समधून फोन काढला आणि हातात नुसता धरून ठेवला. आक्कांना काय सांगायचं हे त्यांना सुचेना.

आक्काचा थांबा वाचला तो वेगळ्याच कारणाने. संघात एक डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना घाबरत. त्या तिसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "नाना, सकाळपासून शहाळी पाजताय लोकांना. बायकांची सोय काय केलीत? बाजारात मी जाणार नाही, आधीच सांगते."

 मग असं दिसून आलं की हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात, आणि मनापेक्षा खाली, बराच वेळ होता. नानांनी कागद पाहिला. सगळ्या वेळापत्रकात स्वच्छ बाथरूम असलेलं ठिकाण एकच निघालं. आवाजी मतदान झालं. खरेदीच्या पंच्याण्णव मिनिटांतून नऊ मिनिटं एक विरोधी मत वगळता मंजूर होऊन बहिणीची पंधरा झाली, आणि तिच्या पुढचा 'विनंती' हा शब्द खोडून नानांनी तिथे 'अत्यावश्यक' असं लिहिलं.

आक्का दोन खोल्यांत राहत होती, दुसऱ्या मजल्यावर. खाली दोरखंडांचं दुकान. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्क्यावरच्या क्रेन दिसत. सकाळी जहाज लागलं तेव्हापासून ती त्या खिडकीशी होती. त्याआधी उजाडण्यापूर्वी उठून तिने नानांना लहानपणी आवडायचं ते सगळं करून ठेवलं होतं, शेजाऱ्यांकडून अकरा खुर्च्या मागून आणल्या होत्या आणि ठेवणीतलं पातळ नेसून ती बसली होती. चाळीस मिनिटं मिळणार म्हणून काय काय बोलायचं याची तिने मनाशी उजळणी केली होती. आधी इकडचं तिकडचं बोलायचं, त्यांना खाऊ द्यायचं, आणि मग विचारायचं.

दार उघडल्यावर तिच्याशी बोललं गेलेलं पहिलं वाक्य असं: "नमस्कार, बाथरूम कुठंय?"

आक्का बिचारी हसली. "या ना, या. इकडं, या दाराने. जरा थांबा हं, तो नळ डावीकडे फिरवायचा, आणि पाणी ओतायला बादली भरून ठेवलीय."

बावीस माणसं आणि एक बाथरूम. इतर कुणाच्याही हातून इथे गोंधळ झाला असता. नाना हातात घड्याळ घेऊन बाथरूमच्या दाराशी उभे राहिले आणि त्यांनी माणशी चाळीस सेकंद ठरवून दिली (गुडघेदुखी असल्यास साठ). रांग खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बाहेर आणि जिन्यावर दोन वळणं खाली गेली. आक्का टॉवेल देत होती, बादली भरत होती, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते प्रत्येकाला नव्याने सांगत होती. अकरा खुर्च्यांवर अकरा पर्स ठेवल्या गेल्या. ताटावरची झाकणं तशीच राहिली.

नानींनी तेवढी ती झाकणं उचलून पाहिली आणि येऊन नवऱ्याच्या हातातलं घड्याळ अक्षरशः काढून घेतलं. "मी बघते इथलं. तुम्ही जा, बसा तिच्यापाशी." अशा रीतीने भावाबहिणीला निव्वळ चार मिनिटं मिळाली. ती खिडकीशी मिळाली.

"बारीक झालास रे," आक्का म्हणाली.

"छे गं. वजन तेवढंच आहे. तुझा जिना मात्र फार अवघड आहे, आक्का."

"तेच तर. नाना, ही इमारत पाडतायत. चार महिन्यांनी. तुला बोलले होते ना. इथं गाड्या लावायची जागा करणार आहेत, जहाजावरच्या लोकांच्या बसगाड्यांसाठी."

"अरे वा!" नाना म्हणाले. "म्हणजे पुढच्या वेळी अगदी दारात उतरता येईल."

हे ते मनापासून म्हणाले. वाहतुकीची सोय झालेली पाहिली की त्यांना खरंच बरं वाटायचं. आक्काने त्यांच्याकडे पाहिलं, पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"पुढच्या वेळी मी कुठं असेन रे? म्हणून म्हटलं, तुझी वरची खोली—"

"आक्का!" आतून मुख्याध्यापकांचा आवाज आला. "पाणी संपलं!"

आक्का उठली आणि बादली घेऊन गेली. नाना खिडकीशी बसून राहिले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज वाटण्यासाठी वेगळा वेळ धरलेला नव्हता. ती परत येईपर्यंत पंधरा मिनिटं संपली होती.

डबा घेऊन आक्का बसपर्यंत खाली आली. खिडकीशी हात वर करून तिने डबा नानींच्या हातात दिला आणि नानांकडे बघत पुन्हा म्हणाली, "खोलीचं तेवढं—"

"बघतो. फोनवर बोलू," नाना म्हणाले.

"आक्का, बाथरूम काय लखलखीत ठेवलंय हो तुम्ही!" डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "इतक्या देशांत नाही पाहिलं." यात खोटं काही नव्हतं. सहलीनंतरच्या पाहणीत आठ थांब्यांपैकी सर्वाधिक गुण त्यालाच मिळाले. बस निघाली आणि खरेदी ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली. सभासदांनी त्या शहराची आठवण म्हणून घेतलेल्या वस्तूंपैकी ऐंशी टक्के वस्तू तिसऱ्याच देशात बनलेल्या होत्या, पण पिशवीवर दीपगृह होतं.

बंदराच्या फाटकाशी शिपायाने डबा अडवला. बाहेरचं अन्न जहाजावर न्यायला मनाई होती. तिथे त्यासाठी एक मोठं निळं पिंप ठेवलेलं होतं. नानींनी पिंपाकडे पाहिलं, मग शिपायाकडे पाहिलं, आणि तिथेच भर उन्हात उभ्या राहून त्या डबा उघडून खायला लागल्या. संघाचे सभासद त्यांना वळसा घालून आत गेले. नाना घड्याळ दाखवत राहिले. नानींनी निम्मं संपवलं, निम्मं शिपायाच्या हातात दिलं, डबा पुसून पर्समध्ये ठेवला आणि त्या शिडी चढल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी बावीसच्या बावीस जहाजावर होते. संघाने टाळ्या वाजवल्या.

आणि मग जहाज हललंच नाही.

इंजिनात काही बिघाड होता, म्हणे. निघायला साडेतीन तास लागतील असं सांगण्यात आलं. साडेतीन तास म्हणजे दोनशे दहा मिनिटं. तज्ज्ञांनी तपासून पाहायला हरकत नाही, पण इतक्यात सव्वापाच बहिणी, प्रत्येकी मूळच्या मंजूर चाळीस मिनिटांनी, आरामात होतात. संघाने तो वेळ वरच्या डेकवर, काय काय पाहिलं याची उजळणी करण्यात घालवला. पोपट बोलला होता की नाही यावर दोन तट पडले.

तीनच्या सुमाराला नानींचा फोन वाजला. आक्का होती. एकेचाळीस वर्षं बंदरात काढलेल्या बाईला, दोर सुटले नाहीत म्हणजे काय, हे खिडकीतून कळतं. "मी फाटकाशी आलेय गं," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. "तुमचं जहाज एवढ्यात काही जात नाही. नानाला म्हणावं, दहा मिनिटं ये. फाटकापर्यंत येता येतं. जरा दे त्याला."

नानांनी फोन घेतला. शिडी समोर होती. फाटक शिडीपासून सात मिनिटांच्या चालीवर होतं. हे अंतर नानांनी सकाळी स्वतः मोजलेलं होतं.

"अगं आक्का, आता नाही उतरता येत. एकदा चढलं की चढलं. नियम असतात गं इथले, फार कडक."

त्यांच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून त्याच वेळी एका बाईचा गोड आवाज तिसऱ्यांदा सांगत होता, की प्रवाशांनी हवं तर पाच वाजेपर्यंत फाटकापर्यंत पाय मोकळे करून यावं. ती भाषा संघात फार थोड्यांना येत होती. आक्काला येत होती.



"ऐकू आलं हो मला," आक्का म्हणाली. मग म्हणाली, "वर वाऱ्यात बसला असशील. कानाला बांध काहीतरी. लगेच सर्दी होते तुला."

नानांनी फोन परत दिला. नानींनी तो घेतला, चपला घातल्या आणि त्या निघाल्या. "अहो, कुठं?" असं नाना दोनदा म्हणाले. त्या भराभर शिडी उतरल्या, उन्हातून फाटकापर्यंत अक्षरशः पळत गेल्या. फाटकाशी कुणी नव्हतं. शिपायाने हाताने रस्त्याकडे दाखवलं. फोन लावला तर तो बंद होता, आणि पुढचे कितीतरी दिवस बंदच राहिला.

सहलीचा अहवाल नानांनी यथावकाश संघाला सादर केला. आठपैकी आठ थांबे पूर्ण. एकूण उशीर शून्य. जखमी कुणी नाही. थांबा क्रमांक सातपुढे 'सोय उत्तम' असा शेरा होता आणि खाली एक सूचना होती, की सदर इमारत लवकरच पाडली जाणार असल्याने पुढच्या तुकडीने त्या भागात पर्यायी बाथरूम आधीच पाहून ठेवावं. अहवाल एकमताने मंजूर झाला. त्याची एक प्रत नानांनी सुतळीने बांधून वरच्या खोलीत ठेवली. नानी त्या सभेला नव्हत्या.

ही हकिगत चष्मा लावून सावकाश वाचायला साधारण बारा मिनिटं लागतात. म्हणजे आक्काला मिळाली त्याच्या तिप्पट. वाचताना तुम्ही नानांवर चिडलात, ते अगदी योग्य केलंत. प्रश्न एवढाच उरतो, की ही बारा मिनिटं तुम्ही काढलीत कुठून? ऑफिसच्या वेळेतून काढली असती तर साहेबांनी विचारलं असतं. जेवणाच्या वेळेतून काढली असती तर पोटाने विचारलं असतं. ज्या अर्थी अजून कुठूनही तक्रार आलेली नाही, त्या अर्थी ती कुणाच्या वाट्यातून कापली गेली, हे तुम्हाला नावानिशी माहीत आहे.